सावलीतल्या बागेत दुरंगी पानांचे छोटे झाड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बागेच्या एका बाजूला दुमजली इमारत आणि दुसऱ्या बाजूला पसरट माथ्याचे जुने मोठे झाड असल्यामुळे तिथे जवळजवळ दिवसभर सावली असते. त्या कोपऱ्याला उजाळा यावा म्हणून पांढऱ्या किंवा पिवळ्या कडांच्या पानांचे, तीन-चार मीटरांपेक्षा मोठे न होणारे एखादे शोभेचे झाड तिथे लावण्याची आपली इच्छा आहे. याआधी लावलेल्या क्रोटनची रंगीत पाने वर्षभरात जवळजवळ हिरवी झाली, आणि पांढऱ्या कडांच्या बेंजामिना फायकसने लावल्यानंतर काही आठवड्यांतच निम्मी पाने टाकली. तेव्हा कोणते झाड निवडावे, खत वाढवून उपयोग होईल का आणि सावलीत असा रंग मुळात टिकतो का, हे आपण विचारले आहे.

रंग सावलीतही टिकतो, परंतु त्याचे टिकणे खतावर फारसे अवलंबून नसते. पानाला रंग कोणत्या कारणाने आलेला आहे आणि जागेवरची सावली कोणत्या प्रकारची आहे, या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या तर झाड निभावते. जुळल्या नाहीत तर कितीही निगा राखली तरी ते कुढत राहते. आपल्या दोन्ही झाडांच्या अपयशाची कारणे एकमेकांपासून अगदी निराळी आहेत आणि ती समजली की पुढची निवड बरीच सोपी होते.

पांढऱ्या कडांची पाने बहुतेक वेळा कशी होतात ते आधी पाहू. अंकुराच्या टोकाला वाढीचा जो बिंदू असतो, त्यात पेशींचे साधारणपणे तीन थर एकावर एक असतात. बाहेरच्या थरापासून पानाची त्वचा तयार होते, मधल्या थरापासून मुख्यतः पानाच्या कडेकडचा गर आणि आतल्या थरापासून पानाच्या मध्यभागाचा गर तयार होतो. मधल्या थरातील पेशींची हरितद्रव्य बनवण्याची क्षमता उत्परिवर्तनामुळे गेली आणि आतला थर मात्र धड राहिला, तर पान मध्ये हिरवे आणि कडेला पांढरे होते. उलट घडले तर हिरव्या कडेच्या आत पांढरा पट्टा दिसतो. असे झाड म्हणजे दोन वेगळ्या पेशीवंशांचा एकत्र चाललेला संसार असतो. जर्मन शास्त्रज्ञ एर्विन बाउर यांनी 1909 साली पेलार्गोनियम या (जिरेनियम नावाने मिळणाऱ्या) फुलझाडाच्या पांढऱ्या कडांच्या पानांवरून ही रचना उलगडून दाखवली. त्याच वर्षी कार्ल कॉरेन्स यांनी गुलबक्षीच्या चितकबऱ्या झाडांवर प्रयोग करून असे दाखवले की, रोपाच्या पानांचा रंग परागकण कोणत्या फांदीचा होता यावर ठरत नाही, तर बी कोणत्या रंगाच्या फांदीवर धरले होते यावर ठरतो. पांढऱ्या फांदीवरच्या बियांची रोपे पांढरी निघतात आणि अन्न बनवू न शकल्यामुळे मरतात.

या शास्त्राचा बागेतला उपयोग फार थेट आहे. अशा झाडाच्या बिया पेरून दुरंगी रोपे मिळण्याची आशा धरू नये. मुळांच्या तुकड्यांपासून केलेली रोपेही सहसा एकरंगी निघतात, कारण मुळावरचा नवा फुटवा आतल्या पेशींपासून तयार होतो आणि थरांची जोडी मोडते. डोळा भरून, गुटी बांधून किंवा शेंड्याची छाट लावून केलेले कलमच जसेच्या तसे उतरते. ज्यांची वाढ साध्या हिरव्या खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या खालच्या रोपावर, कलम करून केलेली असते, त्या झाडांच्या बुंध्यातून किंवा मुळांतून येणारा प्रत्येक फुटवा खुंटाचा, म्हणजे हिरवाच असतो, आणि तो वेळीच काढला नाही तर वरचे मौल्यवान कलम मागे पडते.

आता रंगाच्या प्रकाराकडे येऊ. वर सांगितलेल्या रचनेतला शुद्ध पांढरा भाग सावलीत हिरवा होऊ शकत नाही, कारण त्या पेशींत हरितद्रव्य बनवण्याची सोयच उरलेली नसते. क्रोटनचे तसे नाही. त्याच्या पानांवरची पिवळी, केशरी आणि लाल नक्षी पेशींच्या वेगळ्या वंशांमुळे आलेली नसून सगळ्या पेशींमधल्या रंगद्रव्यांच्या कमी-जास्त प्रमाणामुळे आलेली असते, आणि हे प्रमाण प्रकाशावर ठरते. भरपूर उजेड मिळाला तर लाल आणि पिवळी रंगद्रव्ये उठून दिसतात. उजेड कमी झाला की पान हरितद्रव्य वाढवते आणि बाकीचे रंग त्याखाली झाकले जातात. आपल्या क्रोटनला कोणताही रोग झालेला नव्हता. कमी प्रकाशात जगण्यासाठी त्याने जे करणे शहाणपणाचे होते तेच त्याने केले. सोनेरी किंवा पोपटी पानांच्या इतर कित्येक झाडांचेही असेच होते, आणि गुलाबी छटा तर सर्वांत आधी जाते. स्नो बुश म्हणून विकले जाणारे ब्रेनिया किंवा ‘फ्लेमिंगो’ जातीचा बॉक्स एल्डर मॅपल यांचे गुलाबी शेंडे पाहून मोह होतो, पण सावलीत त्यांची गुलाबी छटा फार काळ राहत नाही. म्हणून सावलीसाठी निवड करताना मी पांढऱ्या कडेला पहिली पसंती देतो, पिवळ्या कडेला दुसरी, आणि लाल-गुलाबी रंगांचा विचारच करत नाही.

पांढऱ्या कडेच्या झाडांना सावली एका अर्थाने मानवतेसुद्धा. हरितद्रव्य नसलेला गर नाजूक असतो आणि दुपारचे कडक ऊन किंवा कोरडा वारा लागला की तो करपून तपकिरी होतो. उघड्या जागेत अशी झाडे उन्हाळ्यात विद्रूप दिसतात, तर सौम्य सावलीत त्यांची पाने स्वच्छ राहतात. अडचण वेगळीच आहे. पांढरा भाग अन्न बनवत नाही, पण त्याला पोसावे लागते. आणि सावलीत हिरव्या भागालाही प्रकाश कमी मिळतो. मिळकत दोन्हीकडून कमी असल्यामुळे असे झाड संथ वाढणार हे आधीच मान्य करावे लागते. सावलीतल्या दुरंगी झाडाच्या संगोपनात होणाऱ्या बहुतेक चुका त्याची वाढ जबरदस्तीने वेगवान करण्याच्या प्रयत्नातून होतात.

आपल्या बागेत दोन प्रकारची सावली आहे आणि त्यांतला फरक झाडाच्या दृष्टीने मोठा आहे. इमारतीच्या सावलीत सूर्य थेट दिसत नसला तरी वरचे आकाश उघडे असते, त्यामुळे तिथे आकाशाचा पसरलेला उजेड पोहोचतो आणि त्या उजेडातील रंगांचे मिश्रण फारसे बिघडलेले नसते. मोठ्या झाडाखालचा उजेड मात्र पानांतून गाळून आलेला असतो. वरच्या पानांनी त्यातला लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतलेला असतो, आणि लालच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा अतिरक्त प्रकाश खाली येतो. लाल आणि अतिरक्त प्रकाशाचे प्रमाण उघड्यावर साधारण 1.2 असते, तर दाट झाडाखाली ते 0.2 पर्यंतही घसरते. खालचे झाड या बदलावरून आपल्यावर दुसऱ्याची छाया आहे हे ओळखते आणि उजेड गाठण्यासाठी शेंडा लांबवू लागते. पेरे लांब होतात, पाने विरळ होतात आणि झाड एका बाजूला झुकते. त्याशिवाय मोठ्या झाडाखाली मुळांची स्पर्धा असते आणि हलका पाऊस जमिनीपर्यंत पोहोचतही नाही. तेव्हा दोन्ही सावल्यांमध्ये निवड करायची असेल, तर इमारतीकडची सावली निःसंशय बरी.

प्रकाश डोळ्यांनी जोखण्यात फसगत होते, कारण आपले डोळे अंधूक उजेडाशी लगेच जुळवून घेतात. निरभ्र दिवशी भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो. आकाश उघडे असलेल्या सावलीत तो दहा ते वीस हजारांच्या आसपास असतो आणि दाट झाडाखाली तो एक-दोन हजारांपर्यंतही उतरतो. मोबाइलमधील प्रकाशमापक ॲप अचूक नसते, तरी दोन जागांची तुलना करण्यास ते पुरते. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशा नोंदी घ्याव्यात, आणि शक्य असेल तर वेगवेगळ्या ऋतूंत घ्याव्यात, कारण सूर्याचा मार्ग बदलतो आणि मोठे झाड पानझडी असेल तर खालचा उजेड वर्षभर सारखा नसतो. दुपारी दहा हजारांच्या जवळपास उजेड असलेली जागा माझ्या दृष्टीने उत्तम आहे; पाच हजारांवर निवडक झाडे चालतात; दोन-तीन हजारांच्या खाली दुरंगी झाड जमिनीत लावण्याचा आग्रह मी धरणार नाही. मापक नसेल तर दुपारी पांढऱ्या कागदावर एक फुटावरून हात धरून पाहावे: हाताची पुसट का होईना पण आकृती ओळखू येणारी छाया पडत असेल तर प्रयत्न करण्याजोगी जागा आहे. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि नंतर सावली मिळणारी पूर्वेकडची जागा सापडली, तर इतर सगळ्या जागा सोडून तीच घ्यावी.

झाड बदलण्याआधी उजेड वाढवता येतो का हेही पाहावे, कारण यावर केलेला खर्च सर्वांत जास्त फळतो. मोठ्या झाडाच्या खालच्या काही फांद्या काढून माथा उंच केल्यास बाजूने तिरपा उजेड आत येतो. हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्यावे आणि एका वेळी जिवंत पालवीचा पाव भागाहून अधिक हिस्सा काढू नये. इमारतीच्या भिंतीला पांढरा किंवा फिकट रंग दिल्यानेही समोरच्या झाडाला जाणवण्याइतका उजेड परतून मिळतो. लागवडीची जागा मोठ्या झाडाच्या माथ्याखाली न घेता माथ्याच्या कडेबाहेर, इमारतीच्या बाजूला सरकवावी.

झाडाची निवड आपल्याकडे कडक गोठण पडते की नाही यावर पहिल्यांदा ठरते, आणि ते आपण लिहिलेले नसल्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. जिथे गोठण पडत नाही तिथे पांढऱ्या कडेचा पॉलिशियस, जो रोपवाटिकांमध्ये बहुधा अरेलिया या नावाने मिळतो, माझ्या पसंतीत पहिला आहे. त्याची गोलसर पाने, सरळ उभी वाढ आणि दोन-तीन मीटरांच्या आसपास राहणारी उंची अरुंद जागेला शोभते. तो छाटणी सहन करतो आणि त्याचा पांढरा रंग सावलीत टिकतो. पाणी साचणे मात्र त्याला अजिबात चालत नाही. दुसरा पर्याय बुटक्या शेफ्लेराचा. त्याच्या बहुतेक दुरंगी जाती पिवळ्या असतात, त्यामुळे सावलीत पिवळा रंग काहीसा फिका पोपटी होतो, पण नक्षी पुसली जात नाही, आणि कमी उजेडात तग धरण्याची त्याची ताकद मोठी आहे. तो झुडपासारखा वाढतो. त्याला झाडाचा आकार हवा असेल तर एक किंवा तीन खोड राखून खालचे फुटवे नियमित काढावेत. ‘साँग ऑफ इंडिया’ हा पिवळ्या कडांचा ड्रेसिना फार संथ वाढतो, मात्र वाढल्यावर त्याच्या वळणदार खोडांचे रूप पाहण्यासारखे असते. त्याला उजळ सावली हवी आणि पाणी बेताचे हवे. बेंजामिना आणि रबराच्या झाडाच्या दुरंगी जाती दिसायला देखण्या असल्या, तरी या फायकसांची मुळे दूरवर आणि जोरकस पसरतात. इमारतीजवळ त्यांना जमिनीत लावू नये. ठेवायचेच असेल तर कुंडीत ठेवावे.

जिथे हिवाळ्यात कडक गोठण पडते तिथे तीन-चार मीटरांच्या मर्यादेत बसणारे सर्वांत सुरेख झाड म्हणजे पॅगोडा डॉगवुडची ‘अर्जेंटिया’ ही जात. तिच्या फांद्या आडव्या मजल्यांनी वाढतात आणि बारीक, पांढऱ्या कडांची पाने सावलीत दूरवरून उठून दिसतात. तिला ओलसर पण निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी जमीन लागते. हिच्याच जवळच्या कॉर्नस कॉन्ट्रोव्हर्सा या झाडाची ‘व्हेरिगाटा’ ही जात अधिक प्रसिद्ध आहे, पण कालांतराने ती सात-आठ मीटरांपर्यंत जाते, आणि तिचे मजले छाटून लहान ठेवण्याचा प्रयत्न केला तर तिचे सगळे सौंदर्यच जाते. जपानी मॅपलच्या ‘बटरफ्लाय’ आणि ‘उकिगुमो’ या जाती अर्ध्या सावलीत फार छान दिसतात. त्यांना वाऱ्यापासून आडोसा लागतो, आणि ‘बटरफ्लाय’वर हिरव्या फांद्या फुटण्याची सवय लक्षात ठेवावी लागते. सदाहरित झाड हवे असेल तर पांढऱ्या कडेची हॉली घ्यावी. तिच्यात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, आणि लाल फळांसाठी ती घेणाऱ्यांनी नावांवर विसंबू नये: ‘सिल्व्हर क्वीन’ ही जात नर आहे आणि ‘गोल्डन किंग’ मादी. उजेड फारच कमी असेल तर ऑक्युबाला पर्याय नाही. तिच्या पानांवरचे सोनेरी शिंतोडे पिवळे असूनही गडद सावलीत टिकतात, उलट कडक उन्हात तिची पाने काळवंडतात. पिवळ्या रंगाबद्दल मी वर सांगितलेल्या नियमाला हा ठळक अपवाद आहे. ती मूळची झुडूप असली तरी खालच्या फांद्या काढून तिला दोन मीटरांच्या बहुखोडी झाडाचे रूप देता येते. नॉर्वे मॅपलची ‘ड्रमंडी’ ही जात मात्र आपल्या जागेसाठी टाळावी. ती मोठी होते, आणि तिच्यावर हिरव्या फांद्या इतक्या वारंवार येतात की काही वर्षांत शिडी लावूनही त्या काढणे अशक्य होते.

रोप निवडताना बहुतेक लोक सर्वांत पांढरे दिसणारे रोप उचलतात. सावलीसाठी मी नेमके ते बाजूला ठेवतो. ज्याच्या पानाचा निम्म्याहून अधिक भाग हिरवा आहे आणि ज्याची नक्षी सगळ्या फांद्यांवर सारखी आहे, ते रोप घ्यावे. संथ वाढ लक्षात घेता शक्य असेल तर थोडे मोठे रोप घेण्यात बचत करू नये. कलमाचा सांधा भक्कम आहे ना आणि त्याखाली फुटवे नाहीत ना, हे पाहावे. कुंडीतून अलगद काढून मुळे तळाशी गोल फिरलेली आहेत का तेही पाहावे. आणखी एक प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा, तो म्हणजे रोप उन्हात वाढवले की जाळीखाली. उन्हात वाढलेल्या पानांची घडण जाड आणि भरपूर उजेडाच्या बेताची असते. त्याच पानांना अचानक सावलीत आणले की ती स्वतःचा खर्चही भागवू शकत नाहीत आणि झाड ती टाकते. आपल्या बेंजामिनाने निम्मी पाने टाकली त्याचे बहुधा हेच कारण आहे, आणि या बाबतीत बेंजामिनाची ख्याती सर्वांत वाईट आहे. म्हणून उन्हातले रोप आणल्यावर तीन-चार आठवडे टप्प्याटप्प्याने कमी उजेडाकडे सरकवावे आणि मगच जमिनीत लावावे.

लागवडीचा खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल आणि रुंदीला त्याच्या दुप्पट ते तिप्पट असावा. तळाशी भुसभुशीत खत भरल्यास ते पुढे दबते आणि झाड खाली बसते, म्हणून खत तळात न घालता वरून पसरावे. खोड जिथे रुंदावून मुळांना मिळते तो भाग जमिनीच्या पातळीवर दिसला पाहिजे. तो मातीखाली गेला तर सावलीतल्या ओलसर जमिनीत साल कुजण्यास वेळ लागत नाही. गोल फिरलेली मुळे सोडवावीत किंवा कापावीत. खणताना मोठ्या झाडाची मनगटाएवढी जाड मुळे लागली तर ती तोडण्याऐवजी खड्डा बाजूला घ्यावा, आणि त्या झाडाच्या मुळांवर मातीचा जाड थर चढवून उंच वाफा करण्याचा मोह टाळावा, कारण त्याने जुने झाड गुदमरते आणि नव्या मातीत त्याचीच मुळे लवकर शिरतात. मुळांची फारच दाटी असेल तर 50 ते 60 सेंटिमीटर व्यासाची कुंडी हा अधिक प्रामाणिक मार्ग आहे. लागवड झाल्यावर पालापाचोळ्याचे किंवा लाकडी सालींचे पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे आणि ते खोडापासून वीतभर दूर ठेवावे.

पाण्याच्या बाबतीत सावलीत दोन उलट परिस्थिती संभवतात. इमारतीकडच्या सावलीत जमीन हळू सुकते आणि तिथे झाडे तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतात. मोठ्या झाडाजवळ मात्र जमीन वरून गार दिसली तरी आत कोरडी ठणठणीत असते. ठरावीक दिवसांच्या अंतराने पाणी देण्याऐवजी बोट किंवा काठी सात-आठ सेंटिमीटर आत घालून ओल पाहावी आणि कोरडे लागले तरच मुळांच्या संपूर्ण गोळ्यापर्यंत मुरेल असे भरपूर पाणी द्यावे. पहिली दोन वर्षे ही तपासणी सोडू नये.

खत वाढवण्याबद्दल माझे उत्तर नकारार्थी आहे. सावलीत झाडाला कमी पडते ती वस्तू प्रकाश आहे, आणि तिची भरपाई खताने होत नाही. जास्तीचे नत्र दिले की लांब पेऱ्यांची, मऊ, किडींना आमंत्रण देणारी वाढ होते, आणि या वाढीत हिरव्या फांद्या पुढे निघून जातात. वाढीचा हंगाम सुरू होताना चांगले कुजलेले खत पातळ थरात पसरावे किंवा हळूहळू विरघळणारे संतुलित खत नेहमीच्या निम्म्या मात्रेत एकदा द्यावे. त्यापलीकडे काही लागत नाही.

ज्या एका कामाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते म्हणजे पूर्ण हिरव्या फांद्या काढणे. वाढीच्या बिंदूतले थर कधीकधी आपली जागा सोडतात आणि एखाद्या डोळ्यातून संपूर्ण हिरवी फांदी फुटते. तिची पाने मोठी असतात, पेरे लांब असतात आणि ती शेजारच्या दुरंगी फांद्यांपेक्षा कितीतरी जोमाने वाढते, कारण तिची सगळी पाने कमावती असतात. उजेड जितका कमी तितका तिचा हा फायदा मोठा, आणि म्हणून सावलीत हे काम अधिक तातडीचे होते. ती फांदी शेंड्याकडून छाटून उपयोग नाही. ती जिथून निघाली त्या सांध्यापाशी, आणि शक्य असेल तर त्याखालचे एक दुरंगी पानाचे पेर धरून, धारदार कात्रीने कापावी. वाढीच्या हंगामात महिन्यातून एकदा झाडाभोवती फिरून पाहिले की बोटाएवढ्या फांद्यांवरच काम भागते. मात्र एखादे-दुसरे पान जास्त हिरवे आले म्हणून लगेच कात्री चालवू नये. हंगामाप्रमाणे नक्षी कमी-जास्त होते. एकाच फांदीवरची चार-पाच पाने सलग निखळ हिरवी आली तरच ती फांदी बदलली असे धरावे. याच्या उलट, पूर्ण पांढरा शेंडाही कधीकधी फुटतो. तो दिसायला मोहक असला तरी झाडावर निव्वळ बोजा असतो आणि लवकरच करपतो, त्यामुळे तोही काढलेला बरा. इतर छाटणी शक्य तितकी कमी करावी, कारण अशा झाडाचे प्रत्येक हिरवे पान महत्त्वाचे असते.

रोगांची लक्षणे दुरंगी पानांवर ओळखणे अवघड जाते, म्हणून काही खुणा सांगतो. नक्षीची सीमा नेहमी स्पष्ट असते. नव्या पानांच्या हिरव्या भागात शिरा गडद आणि मधला भाग फिका होत गेला तर ती लोहाची कमतरता असून ती बहुधा अल्कधर्मी जमिनीमुळे येते. हेच जुन्या पानांवर आधी दिसले तर मॅग्नेशियमचा विचार करावा. कडा कागदासारख्या कोरड्या, तपकिरी झाल्या तर ऊन, कोरडा वारा किंवा पाण्यातील क्षार तपासावेत. पिवळे वलय असलेले गोल डाग ओलसर, हवा न खेळणाऱ्या सावलीत बुरशीमुळे पडतात, आणि त्यावर खालची पडलेली पाने उचलणे आणि पानांवर पाणी न मारणे हे औषधापेक्षा जास्त उपयोगी पडते. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत लपतात. थोडे असतील तर ओल्या फडक्याने पुसावेत, जास्त असतील तर कडुनिंबाच्या तेलाची किंवा कीटकनाशक साबणाची फवारणी संध्याकाळी, आधी दोन पानांवर चाचणी घेऊन करावी, कारण पांढरा गर फवारणीनेही भाजतो. जमीन ओली असूनही पाने मलूल होत असतील तर आणखी पाणी न देता मुळे कुजत आहेत का ते उकरून पाहावे.

आपल्याकडे असलेली दोन्ही झाडे टाकून देण्याची गरज नाही. क्रोटन रोज तीन-चार तास ऊन मिळेल अशा जागी टप्प्याटप्प्याने हलवावे. झालेली हिरवी पाने बहुतांश तशीच राहतील, परंतु नवी पालवी रंगीत येईल, आणि ती पुरेशी आल्यावर जुनी फांदी एक-तृतीयांश छाटता येईल. चीक त्वचेला त्रास देतो, म्हणून हातमोजे घालावेत. बेंजामिनाची फांदी नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. त्याला भिंतीलगतच्या सर्वांत उजळ जागी कुंडीत ठेवून तिथून हलवू नये, पाने कमी असल्यामुळे पाणी निम्म्यावर आणावे आणि नवे शेंडे स्थिर होईपर्यंत खत देऊ नये. नवी पाने आता सावलीच्या बेताने घडलेली येतील, आणि ती आकाराने थोडी मोठी व पातळ असली तरी पूर्वीसारखी गळणार नाहीत.